कातडीबचाऊ साडूभाऊ

पेण ते रोहा या चाळीसेक किलोमीटरांच्या टापूत माणसाच्या कातडीचा आमच्या साडूभाऊंइतका खोल विचार दुसऱ्या कुणी केला नसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. कातडीबचाऊ हा शब्द आपण घाबरटाला लावतो. साडूभाऊ तो पदवीसारखा मिरवत. "कातडी हा शरीराचा सगळ्यात मोठा अवयव आहे," असं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. समोरच्याच्या हातातला जिलबीचा तुकडा तिथंच थांबे, पण त्याची त्यांना फिकीर नसे. "आणि सगळ्यात स्वस्तात जाणारासुद्धा तोच. वाळूवर एकदा घसरा, म्हणजे कळेल."

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याच्या एमआयडीसीत रसायनांची एक कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेत ते मालाची तपासणी करायचे. आलेलं प्रत्येक पिंप उघडून, नमुना घेऊन, आकडा लिहून मगच पुढं सोडायचं, हे काम वीस वर्षं केल्यावर माणूस घरी आल्यावर तरी ते कसं थांबवणार? ताई, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या माहेराहून आलेल्या पोह्याच्या पापडांतला एक पापड कंपनीत नेला, भट्टीत वाळवला आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, "तुझ्या आईने यांना अजून दोन उन्हं द्यायला हवी होती." ताई त्यावर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पापड पुन्हा उन्हात घातले आणि तळल्यावर ते खरंच दुप्पट फुलले, हेही तीच सांगायची. पण हे सांगताना तिचा चेहरा कौतुकाचा असे की रागाचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी वहीत लिहिलेला आकडा कंपनीचा मालकसुद्धा बदलू शकत नसे. एकदा एका साहेबाने "अर्ध्या टक्क्याने काय बिघडतंय, लिहून टाका," असं म्हटलं तेव्हा साडूभाऊंनी पेन त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "तुम्ही लिहा, खाली सही तुमची करा." साहेब गेला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली रोह्याच्या कचेरीत झाली आणि राहणं मात्र पेणलाच राहिलं. एसटीची वेळ आणि माझ्या साहेबाची वेळ यांचं कधी जमलं नाही. साडूभाऊंची जुनी, काळी, गावभर आवाज पोचवणारी फटफटी रोज रोह्याला जायचीच. तिच्या मागच्या सीटवर माझी वर्णी लागली. पहिल्या दिवशी मी पायात चपला घालून गेलो, तर त्यांनी मला परत घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बूट घातले, तर पँटच्या कापडाला चिमटीत धरून उन्हाकडे तोंड करून पाहिलं. "यातून पलीकडचं दिसतंय," ते म्हणाले. "हे कापड लग्नाला ठीक आहे. पडायला नाही."

"मी पडायला निघालेलोच नाही," मी म्हणालो.

"कुणीच निघत नाही," साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

त्यांचा हा विषय सुरू झाला तो एका मासिकामुळे. पेणच्या रद्दीवाल्याकडे त्यांना मोटारसायकलींवरचं एक विलायती मासिक सापडलं. त्यात फटफटीवर बसताना अंगात चामड्याचे कपडे बरे की जाड विणीच्या कापडाचे, यावर मोठा लेख होता. दोन्ही बाजू सविस्तर मांडलेल्या होत्या आणि निकाल ज्या पानावर होता ते पान फाटलेलं होतं. दुसऱ्या कुणी मासिक बाजूला ठेवलं असतं. साडूभाऊंना त्या फाटक्या पानाने चार वर्षं झोप लागू दिली नाही. हेल्मेट तेव्हाही सगळे घालत नसत. ते घालायचेच, पण त्यांचं समाधान होत नसे. "डोकं वाचवून बाकीचा माणूस रस्त्यावर पसरायचा, ही कसली सुरक्षा? उरलेल्या माणसाने काय पाप केलंय?" हा प्रश्न त्यांनी मला, ताईला, वडखळच्या नाक्यावरच्या चहावाल्याला आणि एकदा सिग्नल नसलेल्या चौकात उभ्या असलेल्या पोलिसालाही विचारला.

पहिली पाळी चामड्याची आली. एका निवृत्त खलाशाकडून त्यांनी त्याचं परदेशातून आणलेलं जाकीट मिळवलं. ते इतकं जड होतं की खुंटीवर टांगल्यावर खुंटीच खाली आली. मग त्याला स्वतंत्र खुर्ची मिळाली. खारी हवा चामड्याला मानवत नाही म्हणून साडूभाऊ दर रविवारी त्याला एरंडेल चोळत, आणि त्या वासाने वडखळपासून पुढची कुत्री फटफटीच्या मागे अशी लागत की जणू आम्ही मटणाची गाडी घेऊन चाललो आहोत. पावसाळ्यात त्या जाकिटावर हिरवी बुरशी चढली. साडूभाऊंनी ती खरवडून कंपनीत नेली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि घरी येऊन तिचं लॅटिन नाव सांगितलं. "माझ्या पैठणीला आजवर कुणी ऊन दाखवलं नाही," ताई म्हणाली, "आणि ह्या मेलेल्या म्हशीला रोज गच्चीवर नेतात." मे महिन्यात तेच जाकीट घालून ते रोह्याला पोचले की कंपनीच्या वजनकाट्यावर उभे राहत. निघतानाचं वजन घरी घेतलेलं असेच. वाटेत किती घाम गेला ते ते मला संध्याकाळी सांगत, आणि गेला असेल तितकंच पाणी परतताना वडखळला थांबून मोजून पीत.

मग कापडाची पाळी. तसलं कापड आपल्याकडे दुकानात मिळत नसे, म्हणून ते धरमतरला हिराजीकडे गेले. खाडीच्या धक्क्याजवळ हिराजीची पत्र्याची शेड होती. बार्जमधल्या मालावर टाकायच्या ताडपत्र्या तो तिथं शिवायचा. आगरातला माणूस, खारवलेला, हाताची बोटं सुयांनी टणक झालेली. साडूभाऊंनी त्याच्यासमोर कागदावर काढलेलं चित्र ठेवलं: जाड कॅनव्हासचा कोट, कोपराला आणि खांद्याला कंपनीतून टाकून दिलेल्या, आग विझवायच्या नळीच्या कापडाची ठिगळं, आत पातळ अस्तर, काखेत वारा यायला जागा.

हिराजीने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "सायब, आमी बार्ज झाकतो. मानूस कंदी झाकला नाय."

"बार्ज पडला तर बुडतो. माणूस पडला तर खरचटतो. एवढाच फरक," साडूभाऊ म्हणाले.

"ह्यो घालून चालायचा का वल्हवायचा?" हिराजीने विचारलं. पण कामाला तो पक्का होता. कोट शिवायला त्याने पंधरा दिवस घेतले. दोऱ्याचं रीळ साडूभाऊंनी स्वतः आणून दिलं होतं, काळा नायलॉन, ओढून तपासलेला. कोट अंगात घालून ते पहिल्यांदा पेणच्या बाजारातून गेले तेव्हा भाजीवाल्या बायकांत एकदम शांतता पसरली, आणि मग एकीने दुसरीला विचारलेलं मी मागच्या सीटवरून स्पष्ट ऐकलं, "गो, तंबू चाललाय का मानूस?"

आता दोन्ही कपडे तयार झाले, तेव्हा फाटलेल्या पानाचा निकाल लावणं भाग होतं. एका रविवारी सकाळी साडूभाऊंनी मला नागोठण्याच्या पुढं, निडीजवळच्या सरळ रस्त्यावर नेलं. त्यांनी चामड्याची एक जुनी बाही आणि कॅनव्हासची एक बाही, दोन्हींत भाताचं तूस ठासून भरलं होतं, तोंडं शिवली होती, आणि त्या दोरीने फटफटीच्या मागे बांधल्या होत्या. मी मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसायचं, घड्याळ पाहायचं आणि कुठली बाही आधी फाटते ते ओरडून सांगायचं. उलटं बसून चालत्या गाडीवरून मी पाहिलेला निडीचा तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. दोन्ही बाह्या मागे उड्या मारत येत होत्या, आणि लांबून पाहणाऱ्याला त्या माणसाच्या हातांसारख्या दिसत असणार, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. शेतातून एक आरोळी आली. "अरं थांबा! मानूस फरफटतोय! मानूस!" बघता बघता वीसपंचवीस माणसं बांधावरून धावत आली. साडूभाऊंना वाटलं, प्रयोगाला गर्दी जमली. त्यांनी उत्साहाने वेग वाढवला. शेवटी एका म्हाताऱ्याने रस्त्यात बैलगाडी आडवी घातली तेव्हा आम्ही थांबलो. लोकांनी बाह्या उचलल्या, आतलं तूस गळताना पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून आमच्याकडे पाहिलं. साडूभाऊंनी हेल्मेट काढलं आणि त्या जमावाला चामडं आणि कापड यांच्यातला फरक अर्धा तास समजावून सांगितला. म्हातारा बैल सोडून मांडी घालून ऐकत बसला. शेवटी तो म्हणाला, "तुमचा सगळा बरोबर हाय. पन हलू चालवली तर?"

"हळू तर चालवायचीच," साडूभाऊ म्हणाले. "पण समोरचा हळू चालवेल कशावरून?" म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याच्या घरून आम्हाला ताक आलं.

निकाल काय लागला, असं मी परतताना विचारलं. साडूभाऊंनी आरशात एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अनिर्णित. दोन्ही सारखंच." मला आश्चर्य वाटलं, कारण उलटं बसल्यामुळे मला नीटसं कळलं नव्हतं तरी कॅनव्हास आधी उसवल्यासारखा वाटला होता. पण आकड्याच्या बाबतीत त्यांच्याशी कोण वाद घालणार?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. चामड्याचं जाकीट मी घालायचं, कॅनव्हासचा कोट ते घालणार. या नियमाचा मी मनापासून तिरस्कार केला, हे इथं कबूल करतो. त्यांच्या कोटाच्या काखेत वारा येत होता आणि मी त्या एरंडेलाच्या भट्टीत शिजत होतो. कुत्री आता त्यांच्याऐवजी माझ्या पायाला येत. कचेरीत माझ्या टेबलाशेजारचा कारकून खिडकीशी जाऊन बसला. बायकोजवळ मी चारदा बोललो की तुझे भावोजी मोठे हुशार आहेत, हलकं स्वतःला ठेवलं आणि जड मला दिलं. ती म्हणाली, "फुकट बसता, वर तक्रार कसली?" मग मीही गप्प बसलो, पण मनात धरून ठेवलं.

त्या दिवशी वैशाखाचं ऊन सकाळीच तापलं होतं. नागोठण्याला आम्ही चहाला थांबलो तेव्हा मी जाकीट काढून मांडीवर घेतलं. निघताना ते तसंच कवेत धरून मी मागे बसलो. साडूभाऊंनी मान वळवून पाहिलं आणि गाडी बंद केली.

"चढवा."

"साडूभाऊ, अहो, आता चौदा-पंधरा किलोमीटर राहिले. घामाने मरेन मी."

"घामाने माणूस मरत नाही. मी वजन करून पाहिलंय. चढवा, नाहीतर गाडी हलणार नाही."

चहावाला आणि आजूबाजूची गिऱ्हाइकं पाहत होती. मी रागाने जाकीट चढवलं, सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत. निडी मागे पडेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

मिठाच्या गाड्या त्या रस्त्याने जायच्या. आगरातलं ओलं मीठ भरलेल्या गाडीतून खारं पाणी ठिबकत जातं आणि वळणावर त्याचा पातळ, चिकट थर बसतो. आम्ही वळणावर आलो तेव्हा साडूभाऊ हळूच चालवत होते. समोरून एक टेम्पो आमच्या बाजूला आला. साडूभाऊंनी गाडी कडेला घेतली, आणि मागचं चाक त्या ओल्यावर आलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आभाळ, मग रस्ता, मग पाठीखाली काहीतरी खरखरत लांबपर्यंत गेल्याचा आवाज. मी थांबलो तेव्हा कडेच्या गवतात होतो. उठून उभा राहिलो. हात पाहिले, पाठ चाचपली. जाकिटाच्या पाठीवर हातभर पांढरा ओरखडा होता आणि त्याच्या आत मी जसाच्या तसा होतो.

साडूभाऊ रस्त्याच्या मधोमध बसले होते. कोटाची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत उघडली होती आणि आतलं जे दिसत होतं त्याकडे मला पाहवेना. मिठागराकडे निघालेल्या चार बायका धावत आल्या. एकीने आपलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं, दुसरीने डोक्यावरचा पंचा काढून हाताला बांधला. "बाबा, रडू नको, काय नाय झाला," ती म्हणाली. पण साडूभाऊ रडत नव्हतेच. ते कोटाच्या उसवलेल्या कडेला डाव्या हाताने चिमटीत धरून पाहत होते. रोह्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी आम्ही एक जीप थांबवली. वाटभर ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून एकच वाक्य पुटपुटत होते, "पांढरा दोरा... इथं पांढरा दोरा कुठून आला? माझा काळा होता."

हाड मोडलं होतं, कातडी तर कोपराच्या खाली फार थोडी उरली होती. मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागली. ताई दुपारी पेणहून आली. तिने आधी मला आपादमस्तक पाहिलं, मग कॉटवर झोपलेल्या त्यांना, आणि बाकावर माझ्या शेजारी बसली.

"तुम्हाला काही झालं नाही ना?"

"काही नाही. जाकिटामुळे."

"चामडं जिंकलं होतं," ताई म्हणाली. मला कळलं नाही. "त्या निडीच्या रविवारी हो. घरी आले, बाह्या जमिनीवर पसरून मोजत बसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, चामडं जिंकलं, जाकीट साडूभाऊंना, म्हणजे तुम्हाला, द्यायचं. मी म्हटलं, तुमचं जाकीट, तुम्ही इतकं तेल पाजलंत, तुम्ही घाला. तर म्हणाले, ब्रेक माझ्या हातात आहे. मागे बसणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. ज्याच्या हातात काही नाही, त्याच्या अंगावर तरी चांगलं हवं." "आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले. सांगितलं तर तुम्ही घेणार नाही म्हणाले."

मी उठून व्हरांड्यात गेलो. वर्षभर बायकोजवळ काय काय बोललो होतो ते एकेक आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी हिराजी आला. धरमतरहून, हातात शहाळी. दारातच उभा राहिला, आत येईना. साडूभाऊंनी बोलावलं तेव्हा आला आणि कॉटच्या पायाशी उकिडवा बसून, लहान मुलासारखा रडायला लागला. "सायब, माजी चूक हाय. उजव्या बाहीला तुमचा काला दोरा सपला. मी म्हटला, येवड्यासाठी सायबाला कुठं तरास देवा? माजा घरचा पांढरा सुती दोरा होता, त्योच घातला. वरून काला रंग लावला. मना काय ठावं, त्यो तिथंच पडंल!"

मी साडूभाऊंकडे पाहिलं. आता वही निघेल, असं मला वाटलं. नमुना, दोष, जबाबदार व्यक्ती. पापडात ओल आहे म्हणून सासूला न सोडलेला हा माणूस.

साडूभाऊ छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "हिराजी, मला माहीत होतं."

हिराजीने डोळे पुसले. "क्काय?"

"पांढरा दोरा मला पहिल्याच दिवशी दिसला होता. मी मुद्दाम तसाच ठेवला. सुती दोरा किती टिकतो ते पाहायचं होतं. माझा प्रयोग होता तो. तुझा टाका एकही सुटला नाही. दोरा तुटला, टाका नाही. यात तुझं काय?"

हिराजी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. "खरंच सायब?"

"मी खोटा आकडा कधी दिलाय का कुणाला?" साडूभाऊ म्हणाले. हिराजीला ते पटलं, कारण ते सगळ्या जिल्ह्यालाच माहीत होतं. त्याने शहाळं फोडलं, स्वतःच्या हाताने त्यांना पाजलं आणि जाताना दोनदा मागे वळून हसला. तो गेल्यावर साडूभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पडदा जरा ओढता का? उजेड डोळ्यावर येतोय." मी पडदा ओढला. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तीन महिन्यांनी ते परत फटफटीवर बसले. उजवा हात पूर्ण सरळ होत नव्हता, त्यामुळे हँडलवर ते जरा वाकडे बसत, एखाद्या हार्मोनियमवाल्यासारखे. आणखी दोन वर्षं आम्ही रोज तो रस्ता धरला. मी एकदाही तक्रार केली नाही, ना उन्हाची, ना वासाची, ना कुत्र्यांची. मग त्यांच्या कंपनीने गुजरातेत नवा कारखाना काढला आणि तिथली प्रयोगशाळा लावून द्यायला त्यांना पाठवलं. ताई गेली, फटफटी ट्रकमध्ये चढली, तिच्याबरोबर ते जाकीटही. मी पुन्हा एसटीच्या रांगेत उभा राहू लागलो.

दिवाळीच्या आधी त्यांचं पत्र आलं. अक्षर तिरकं झालं होतं, हातामुळे असावं. नव्या गावाचं पाणी कसं जड आहे, प्रयोगशाळेत कुठली यंत्रं आली आहेत, ताईला तिथलं दूध आवडत नाही, ते मात्र तपासून पाहिलं तर चांगलं निघालं, असं सगळं सविस्तर होतं. शेवटी लिहिलं होतं, "इथली हवा कोरडी आहे, त्यामुळे चामड्याला बुरशी धरत नाही. रस्ते रुंद आणि सरळ. वाहन चालवायला अगदी सुखाचं. फक्त मागे कुणी बसत नाही, त्यामुळे वळणावर गाडी फार हलकी वाटते."